नागपूर जिल्ह्याचा उठावनकाशा : आता पूर्वेकडची बाजूही उभी

जमिनीचा चढउतार उंचसखल दाखवणाऱ्या माझ्या पुठ्ठ्याच्या नकाशावर पूर्वेचे थर चढवून झाले. काटोल-नरखेडचा डोंगराळ पश्चिम भाग, एक कोपरा सोडला तर, आधीच तयार होता. आता रामटेक, मौदा, कुही, भिवापूर आणि उमरेडही जागेवर बसले. अजून बराच पसारा बाकी आहे, पण जिल्हा एका नजरेत दिसू लागलाय. त्यातून जे हाती लागलं ते सांगायची घाई झाली आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी माप आधी सांगतो. आडवं माप १ किलोमीटरला १ सेंटिमीटर. या मापाने आपल्या जिल्ह्यातला चारशे मीटरचा चढउतार जेमतेम ४ मिलिमीटर भरतो, म्हणजे डोंगर हाताला लागतच नाहीत. म्हणून उंची दहापट घेतली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाच्या शीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) २० मीटरला एक असते, तिची जाडी झाली २ मिलिमीटर. त्याच जाडीचा करडा पुठ्ठा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, त्यामुळे एक रेषा, एक थर. काटोलकडचा भाग ५५ के क्रमांकाच्या शीटमध्ये येतो, नागपूर-रामटेक ५५ ओ मध्ये आणि उमरेडची बाजू ५५ पी मध्ये. फेविकॉल पातळ लावा आणि प्रत्येक थर रात्रभर वजनाखाली ठेवा. घाई केली की कडा उचलतात.

रंग कसा द्यायचा यावर बराच विचार केला. चौदा तालुक्यांना चौदा रंग देता आले असते, पण तालुक्याची हद्द जमिनीवर कुठेच दिसत नाही. खडक दिसतो. म्हणून खडकाप्रमाणे रंग दिला आणि तिथेच नकाशा बोलू लागला. पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पूर्वेला त्याहून कितीतरी पुरातन ग्नाइस, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक. मधल्या पट्ट्यात कामठीचा वालुकाश्म आणि त्याच्यासोबतचा कोळसा. काळ्या पाषाणाची कड नागपूर शहरातूनच जाते. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, आणि पूर्वेकडे निघालं की थोड्याच अंतरात जमिनीचा पोत बदलतो.

ही एक कड समजली की जिल्ह्यातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो, असं माझं आता ठाम मत आहे. काळ्या पाषाणाची झीज होऊन काळी जमीन झाली, खाली निचऱ्याचा मुरूम. त्यावर कापूस आला, विहिरीच्या पाण्यावर संत्र्याच्या बागा आल्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, ती याच कापसाच्या भरवशावर. पूर्वेला खडकात पाणी फारसं मुरत नाही आणि उतार मंद, म्हणून पाणी अडवायचं तर तलावच. बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं), धानाचे पऱ्हे (रोपं), रोवणी (लावणी) हा सगळा संसार तिकडचा. भिवापूरची मिरचीही तिकडचीच. सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवर, बसून देठ खुडणाऱ्या बायांचे हात दिवसभर चालू असतात. नागपूरचं संत्रं आणि भिवापूरची मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

तलावांवर मी सगळ्यात जास्त रमलो. पूर्व विदर्भात तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव मोठं. इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावच्या जमीनदारांकडे होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आज त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी. कुहीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला माझं ट्रेसिंग दाखवलं. त्यांनी बोटाने पार (तलावाचा बांध) दाखवली, तुडुम (पाणी सोडायची मोरी) दाखवला आणि म्हणाले, “वरच्याचा सलंग वाहिला का खालच्या बोडीले पाणी भेटते, भाऊ.” सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जायचा सांडवा, बोडी म्हणजे लहान तलाव. शीटवर मला सुटे निळे ठिपके दिसत होते. त्यांच्या बोटाने ती एक साखळी झाली, एकाचं ओसंडलेलं पाणी दुसऱ्याच्या पोटात. आता प्रत्येक तलावातून खालच्या तलावाकडे सुईने बारीक चर काढतोय. वेळ लागतो, पण त्याशिवाय तो भाग खोटा वाटेल.

नद्यांसाठी निळा रेशमी दोरा वापरला. नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, शहर ओलांडून पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. शहराच्या पश्चिमेचंच पाणी वेणेतून वर्ध्याकडे जातं. दोऱ्यांची ही दोन टोकं नकाशावर काही सेंटिमीटरवर आहेत, आणि त्या दोन थेंबांची भेट थेट गडचिरोलीच्या टोकाला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते तिथे. पाणी असं दोन बाजूंना वाटणारा पाणलोटाचा कणा मी पांढऱ्या रेघेने दाखवला आहे.

प्राचीन स्थळांसाठी मोहरीचे दाणे चिकटवले, एका स्थळाला एक दाणा. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा ही शिळावर्तुळांची (मोठे दगड गोलाकार मांडलेल्या प्राचीन दफनांची) ठिकाणं काळ्या पाषाणाच्या बाजूला येतात. जुनापाणीला तर जवळपास तीनशे वर्तुळं आहेत. काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. दुपारी गेलात तर नजरेतून सुटतील. नायकुंडचा दाणा वेगळा पडतो, पेंचच्या काठावर. तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे.

रामटेकची टेकडी हा सगळ्यात अवघड तुकडा होता. घोड्याच्या नालेसारखी वळलेली, आणि त्या वळणात अंबाळा तलाव. थर वाकवून नाही, प्रत्येक वेगळा कापूनच बसतो. पण तिच्या आसपास एका वितीत किती काय आहे! मनसरचं उत्खनन आणि तिथलीच मँगनीजची खाण, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन, आणि टेकडीवरची देवळं. राणी प्रभावतीगुप्ताचा पुण्याला मिळालेला ताम्रपट याच नंदिवर्धनहून दिलेला. उत्तरेला देवलापारच्या जंगलात गोंडांची गावं. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ मध्ये बारा गावं मिळून नागपूर वसवलं, हे शहरात राहून आपण विसरतो. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यातले दोन तृतीयांशांहून जास्त लोक शहरी निघाले, म्हणून तर खेड्यांकडचा हा भाग मला जास्त निगुतीने करायचा आहे.

आता अडचणीची गोष्ट. जुन्या शीटवर आंभोऱ्याकडे वैनगंगेच्या काठाला जी गावं आहेत, त्यांतली काही गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली. उमरेडच्या खुल्या कोळसा खाणीने तर समोच्च रेषाच बदलल्या. खाणीचा खड्डा मी खाली कोरून घेतला. बुडालेल्या गावांची नावं मात्र खोडणार नाही. नावं बारीक अक्षरात लिहून त्यावर निळसर पारदर्शक थर द्यायचा, म्हणजे पाणीही दिसेल आणि गावही वाचता येईल.

यासाठी रेझिन वापरू की वॉर्निशचे चार हात देऊ, हे ठरत नाहीये. पुठ्ठ्यावर रेझिन ओतलेलं कुणी असेल तर कडा कशा बंद केल्या ते नक्की सांगा. खालचे थर फुगले तर अख्खी कुही पुन्हा कापावी लागेल. पावसाळ्याच्या दमट हवेत ओतायचं नाही, एवढं पक्कं आहे; तोवर भिवापूरचे तलाव आणि नरखेडचा राहिलेला कोपरा उरकून घेतो.