दहा टनी प्रेस आणि पेडलवरची काठी

मिरज-तासगाव पट्ट्यात द्राक्षाच्या मांडवाला अँगल, तारा, पट्ट्या किती लागतात ते बागायतदारच जाणे. माझ्याकडे त्यातलं अगदी किरकोळ काम येतं. 25 मिलिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी, पाच इंचांचा तुकडा, दोन्ही टोकांना 11 मिलिमीटरचं एकेक भोक. त्यात 10 चा बोल्ट जातो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे मी बेंच ड्रिलवर करायचो. दोनशे पट्ट्या म्हणजे चारशे भोकं, शिवाय प्रत्येक भोकाची बर, म्हणजे काठावर उरलेली धारदार कड, कानशीने काढायची. दुसऱ्या सीझनला खांदा बोलायला लागला, तेव्हा प्रेस, म्हणजे दाब देऊन एका फटक्यात भोक पाडणारं मशीन, घ्यायचं ठरवलं.

आधी वाटलं, हाताने दांडा फिरवून चालवायच्या फ्लाय प्रेसवर भागेल. वीज नको, आवाज कमी, पैसेही बेताचे. मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन माझीच डाय (वरून भोक पाडणारा पंच आणि त्याच्याखालचा भोकाचा साचा) लावून बघितली. 16 गेजच्या, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटरच्या पत्र्यात झकास भोक पडलं. 3 मिलिमीटरच्या पट्टीला मात्र दांडा पुन्हा मागे नेऊन दोन-दोनदा झोका द्यावा लागला. दहा पट्ट्यांतच घाम निघाला. मित्र म्हणाला, ‘‘अण्णा, ह्यापेक्षा तुमचं ड्रिल बरं की.’’

मग वही घेऊन बसलो. भोकाचा परीघ गुणिले जाडी म्हणजे कापायचं क्षेत्रफळ. 11 च्या भोकाचा परीघ साधारण 34.5, गुणिले 3, म्हणजे 104 चौरस मिलिमीटरच्या आसपास. मऊ लोखंडाला चौरस मिलिमीटरमागे 40 किलो धरले की एका भोकाला सव्वाचार टनांच्या आत-बाहेर जोर लागतो. पंच परत ओढायला लागणारा जोर आणि थोडी गुंजाईश धरली तर पाच टनी प्रेस अगदी काठावर येते. दोन्ही भोकं एकदम पाडायची तर दहा टनी हवीच. हल्लीच्या बोलण्यात सगळे टनांवरच थांबतात. मीही थांबलो होतो.

जुन्या मशिनांचा धंदा करणाऱ्या एकाकडे सी-फ्रेमची, म्हणजे बाजूने इंग्रजी C सारखी दिसणारी, दहा टनी प्रेस होती. ताजा हिरवा रंग मारलेला, नेमप्लेट गायब. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर होती, म्हणजे घरच्या मीटरवर चालली असती. फ्लायव्हील, म्हणजे मोटरवर फिरणारं जड चाक, फिरायला लागलं, आवाजही गोड. बयाण्याचे पैसे काढायला हात खिशात गेला होता. तेवढ्यात टूलरूममधल्या आमच्या जुन्या मिस्त्रींचं बोलणं आठवलं. ते म्हणायचे, प्रेस घेताना डोळे फ्लायव्हीलवर नको, रॅमवर ठेवा. रॅम म्हणजे पंच धरून वर-खाली होणारा भाग. डाय नव्हतीच, तेव्हा लांबून काठीने पेडल दाबलं आणि लगेच सोडलं. रॅम खाली आली, वर गेली. पुन्हा दाबलं, ठीक. आठव्या का नवव्या वेळी रॅम वर गेली आणि पेडल सुटलेलं असूनही परत खाली आली.

‘‘काय ओ, दोनदा आली की ही!’’

‘‘थंडीत होतंय असं कधी कधी. ग्रीस मारलं की बसतंय.’’

बसत नाही. या प्रेसमध्ये रोलिंग की क्लच असतो. ‘की’ म्हणजे फ्लायव्हीलला रॅमच्या शाफ्टशी जोडणारी फिरती चावी. पेडल सोडल्यावर या कीने फिरून फ्लायव्हीलची पकड सोडायची असते. की झिजली किंवा तिची स्प्रिंग मेली, तर ती अर्धवट अडकते आणि रॅम स्वतःच दुसरा फेरा मारते. पट्टी काढायला हात आत गेला असेल तर काय होईल, ते लिहायची गरज नाही. तिथूनच परत आलो.

शेवटी वर्कशॉप बंद करणाऱ्या एका गृहस्थांकडे तेवढ्याच ताकदीची दुसरी मिळाली. इथे काठीने शंभर वेळा पेडल दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर वैताग दिसत होता, पण त्यांनी चहा पाजला. मग बेडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून रॅमला लाकडी दांड्याने रेटून बघितलं: बाजूला 0.4 मिलिमीटर खेळ. 3 मिलिमीटरच्या पट्टीला पंच आणि डायमध्ये एका बाजूला 0.15 ते 0.2 इतकीच फट ठेवतात. 0.4 च्या खेळाने पंच डायच्या काठावरच आपटला असता. गिबचे, म्हणजे रॅमला बाजूने धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू आवळल्यावर खेळ 0.06 वर आला, तेव्हा सौदा केला. क्लच चांगला होता, तरी की आणि स्प्रिंग नव्याच टाकल्या.

सातशे किलोच्या आसपासचं ते धूड टेम्पोतून उतरवून, खाली पाईप घालून ढकलत शेडपर्यंत नेलं. त्यात तुळशीच्या कट्ट्याचा कोपरा उडाला, त्यावर घरात अजून बोलणी खातो.

डाय मीच बनवली. दोन पंचांपैकी एक दुसऱ्यापेक्षा जवळपास पट्टीच्या जाडीइतका आखूड ठेवला. पहिलं भोक सुटल्यावर दुसरं सुरू होतं, सगळा जोर एकदम येत नाही आणि धक्काही निम्म्यावर येतो. वर स्ट्रिपर प्लेट, म्हणजे पंच वर जाताना पट्टी खाली अडवून ठेवणारी प्लेट, पक्की बोल्टने बसवली आणि पट्टी सरकवायला फक्त 5 मिलिमीटरची फट ठेवली. माझं करंगळीचं टोकही त्यात जात नाही. नव्या कीवरही माझा पुरता भरवसा नाही, म्हणून हे. पेडलवर पत्र्याचं झाकणही केलं, कारण पहिल्याच आठवड्यात हातातून सुटलेली पट्टी नेमकी पेडलवर पडली होती.

आता दोनशे पट्ट्या चहा थंड व्हायच्या आत होतात असं म्हणणार नाही, पण नाष्ट्यानंतर बसलो तर अकराच्या आत आटोपतात. बर उरते ती एकाच बाजूला, तीही नावाला. आवाज मात्र आहे. खाली रबरी पॅड टाकले तरी शेजारच्या काकूंच्या मांडणीतली भांडी वाजतात, म्हणून दुपारी एक ते चार मशीन बंद. भोकांतून सुटून खाली पडणाऱ्या लोखंडी टिकल्या डब्यात साठतात. नातवाने त्या मोजायला घेतल्या होत्या, तीनशेच्या पुढे गेल्यावर कंटाळला.