खरवडलेली दरड

‘ब्रायोफायटा : पुढील दहा वर्षांतील संशोधनाचे अग्रक्रम’ अशी दोन पानं एका प्रस्तावासाठी कॉलेजकडून मागवली होती (ब्रायोफायटा म्हणजे मॉससारख्या, फुलं-बिया नसलेल्या चिमुकल्या हिरव्या वनस्पती) आणि मी ती जवळजवळ लिहूनही काढली होती. डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणं), हवामानबदल, कार्बन हे शब्द घातल्याशिवाय हल्ली कागद पुढे सरकत नाही, तेही घातले होते. मग सप्टेंबरात यवतेश्वर घाटात एक दिवस असा गेला की ती पानं पुन्हा काढायला घेतली. अजून पुरी झालेली नाहीत.

आमच्या कामातलं बाहेरच्यांना सुचणार नाही ते एवढंच, की ते बरंचसं चिखलात पालथं पडून करायचं असतं. गळ्यात दहापट भिंग, हातात पेन्सिल (पेनची शाई पावसात पसरते), पिशवीत वर्तमानपत्राची घडी घातलेली पाकिटं आणि एक बोथट चाकू. साताऱ्याहून कासला निघालेल्या गाड्या सीझनमध्ये हटकून थांबतात आणि काच खाली करून दोनच प्रश्न विचारतात, ‘काही हरवलंय का?’ आणि ‘औषधी आहे का?’ पठार 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं तशा गाड्या वाढल्या. वरची फुलं बघायला जाणारी मंडळी वाटेत ज्या तांबड्या दरडीला टेकून फोटो काढतात, तिच्यावर काय उगवलंय हे त्यांना दिसावं अशी माझी आता फारशी इच्छा नाही. दिसलं की उपटतात.

त्या दिवशी मात्र माझा राग जेसीबीवर होता. पावसाळ्याआधी गटारं मोकळी करताना डोंगराच्या बाजूची माती पार कमरेएवढ्या उंचीपर्यंत खरवडून काढली होती. गरज गटाराच्या वीत-दीड वीत खोलीची, पण बकेट घातलंच आहे तर दरडही साफ. कठड्याच्या काळ्या दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं, त्या सांध्यांतलं मॉस गेलं ते गेलंच. रस्त्याच्या खात्याला द्यायचं तक्रारीचं पत्र तयार होतं. एमएस्सीच्या दोन मुलांना सोबत घेतलं होतं ते जोडीला लावायच्या फोटोंसाठी. खरवडलेला पट्टा ओकाबोका आणि त्याला लागूनच न खरवडलेला, भरगच्च. एवढे फोटो पुरे होते.

पट्टा ओकाबोका नव्हता. उघड्या तांबड्या मातीवर नखाएवढ्या गडद हिरव्या चकत्या लगडल्या होत्या आणि त्यांच्यातून बारीक शिंगं सरळ उभी होती. हॉर्नवर्ट. ब्रायोफायटाच्या तीन गटांतला हा सगळ्यात लहान. मॉसच्या जाती बारा हजारांच्या घरात, लिव्हरवर्टच्या सातेक हजार आणि हॉर्नवर्टच्या साऱ्या जगात मिळून 200 च्या आसपास.

मुलाने विचारलं, “मॅडम, अँथोसेरॉस की फिओसेरॉस?” हॉर्नवर्टच्या ह्या दोन प्रजाती ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही. पिकलेलं शिंग टोकाकडून दोन भागांत उकलतं, मधे केसासारखी एक दांडी उरते. ते टोक पांढऱ्या कागदावर चिरडायचं. बीजाणूंची पूड काळपट पडली तर अँथोसेरॉस, पिवळी पडली तर फिओसेरॉस. आमच्या कागदावर दोन्ही रंग उमटले, तेही हातभर अंतरातल्या झाडांचे. मॉसची कुपी एकदा पिकली की तिचं काम संपतं. हे शिंग मात्र बुडाशी वाढतच राहतं, त्यामुळे वरून बीजाणू झडत असतात आणि खाली नवे तयार होत असतात. मुलीने एक चकती उजेडासमोर धरली. आत निळसर काळे ठिपके होते. ते नॉस्टॉक, म्हणजे तिच्या पोटात राहून हवेतला नायट्रोजन बांधून देणारे निळे-हिरवे जीवाणू. पुस्तकातल्या आकृतीत तिने ते कितीदा तरी काढले असतील, पण हातातल्या ओल्या चकतीत पाहताना ती गप्पच झाली.

आणि मधे मधे नोटोथायलस, तीही हॉर्नवर्टच. हिची शिंगं आखूड, आडवी, म्यानात निजलेली, त्यामुळे शिंगं शोधणारा तिच्यावरून पाय देऊन जातो. माझ्या डोळ्यांना ती दिसायला लागली त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी दर पावसाळ्यात पहिल्यांदा दिसली की अंगात तरतरी येते.

न खरवडलेल्या बाजूला गवत, नेचे, त्यांच्या सावलीला थोडं फिसिडेन्स नावाचं मॉस. हॉर्नवर्ट शोधूनही क्वचितच. आम्ही 20 सेंटिमीटरची चौकट दोन्ही पट्ट्यांवर जागा बदलून बदलून मांडत गेलो आणि दर वेळी तेच.

घाटात म्हशी घेऊन निघालेले एक मामा आमच्यापाशी थांबले. पूर्वी रस्त्यावर मैलकुली (रस्ता राखणारे मजूर) होते म्हणाले. “काय गावलं का बाई?” मी चकती दाखवली. “आवं, हे दरसाल येतंय. खरवडलं की येतंय. नाय खरवडलं की गवत माजतंय, मग कुठलं येतंय?” मुलाने ते लगेच वहीत उतरवलं. मला ते इतक्या सहज उतरवता आलं नाही. मामांच्या लेखी रिक्सिया (एक चपटं लिव्हरवर्ट), निसरडं शेवाळ आणि हे सगळं एकच असू शकतं. पण नेमका माझ्या पत्राच्या विरुद्ध जाणारा साक्षीदार होता तो, आणि त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काय होतं? ह्याच घाटातल्या नमुन्यांची जुनी पाकिटं आहेत. त्यांच्या लेबलवर ‘रस्त्याच्या कडेला, मातीवर’ एवढंच लिहिलेलं. कुठल्या वळणावर, दरड जुनी की ताजी, किती होतं, काही नाही. भारतात ब्रायोफायटाच्या 2,500 हून जास्त जाती नोंदल्या आहेत, सह्याद्रीच्या यादीतही भर पडतच असते. नव्या नोंदीचा पेपर लगेच छापून येतो, त्याच जागी पुन्हा जाऊन ‘अजून आहे’ किंवा ‘गेलं’ म्हणणाऱ्याला कोण छापणार? मग जातो कोण?

युरोपात हे माहीत आहे. तिथल्या शेतांत कापणीनंतर धसकटं तशीच राहत, तेव्हा मोकळ्या मातीवर अँथोसेरॉस यायची. आता कापणी होताच नांगर फिरतो, शिंगं पिकायला सवडच मिळत नाही आणि ती कमी होत चालली आहे. म्हणजे माती उलथायलाही हवी आणि मग काही महिने कुणी तिच्या वाटेला जायलाही नको. आमच्या घाटात ही वेळ योगायोगाने जुळते की काय? मेमध्ये खरवडणं, जूनमध्ये पाऊस, सप्टेंबरात बीजाणू. दिवाळीनंतर खरवडलं तर काय होईल? आणि दरसाल खरवडत राहिलं तर मातीतला बीजाणूंचा साठा किती वर्षं पुरेल? कठड्यावरच्या मॉसला तर हा हिशेब लागूच नाही. पत्र मी टाकून दिलेलं नाही, फक्त त्यातला दरडीचा परिच्छेद काढून ठेवला आहे.

परतताना गाडीत मुलगा म्हणाला, “मॅडम, प्रस्तावात पायरेनॉईड घाला, पैसे मिळतील.” त्याचं खरं आहे. जमिनीवरच्या वनस्पतींत फक्त हॉर्नवर्टच्याच हरितलवकात पायरेनॉईड, म्हणजे प्रथिनाची एक गाठ, असतो. त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड साठवून प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं, आणि ही युक्ती पिकांत आणता येईल का ह्यावर मोठ्या प्रयोगशाळा लागल्या आहेत. अँथोसेरॉसचा जीनोम 2020 मध्ये वाचून झाला. मुलीने 2023 च्या एका अभ्यासातला मॉसचा हिशेब काढला. जगभरात उघड्या मातीपेक्षा मॉसखालच्या मातीत 643 कोटी टन कार्बन जास्त. दोघंही हुशार आहेत. त्यांना नोकरी हवी आहे आणि भिंग घेऊन घाटात पडून राहणाऱ्याला ती मिळत नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. जीनोम वाचणारे वाढोत. पण नमुना कुठला, हे सांगणारा माणूस आमच्या जिल्ह्यात शोधावा लागतो.

हॉर्नवर्ट त्याच संध्याकाळी बघावी लागते. मॉस वाळवून पाकिटात ठेवलं की वर्षानुवर्षांनी पाण्याचा थेंब टाकला तरी पानं उलगडतात. हॉर्नवर्ट वाळली की तिचा काळा पापुद्रा होतो, बीजाणूंशिवाय फारसं काही वाचता येत नाही. प्रयोगशाळेत लाईट गेली होती. मोबाइलचा टॉर्च मायक्रोस्कोपच्या आरशावर धरून आम्ही पेशी पाहिल्या, बहुतेक पेशींत एकेकच मोठं हरितलवक आणि त्यात मधोमध पायरेनॉईड. बीजाणूंची नक्षी नीट पाहायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवा, त्यासाठी कोल्हापूर नाहीतर पुणे गाठायचं. जात सांगायला तोवर थांबायचं.

आता प्रस्तावात पहिला अग्रक्रम म्हणून कायमच्या खुणा केलेल्या चौकटी लिहिल्या आहेत, खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दहा वर्षं त्याच जागी. दुसरा, जुन्या पाकिटांच्या जागा शोधून पुन्हा पाहणं. तिसरा, मातीतला बीजाणूसाठा. बारकोडिंग चौथ्यावर गेलं. खर्चात रंग, खिळे, ट्रे, शेडनेट आणि एसटीचं भाडं. प्राचार्यांनी चाळून पाहिलं आणि म्हणाले, “रक्कम फार कमी दिसतेय, कुणी गांभीर्याने घेणार नाही. एक पीसीआर मशीन घाला.” (म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र.) घातलं आहे.

दोन्ही पट्ट्यांची माती आणून प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीत ट्रेमध्ये भरली आहे, वर काच. खरवडलेल्या मातीत हिरवे ठिपके दिसू लागलेत, पण ते हॉर्नवर्टचे की नुसत्या शैवालाचे हे अजून सांगता येत नाही. न खरवडलेल्या ट्रेमध्ये गवत उगवलं होतं. ते उपटायचं की ठेवायचं ह्यावर दोघा मुलांचं भांडण झालं, आणि मी सध्या अर्ध्याच ट्रेमधलं उपटलं आहे.