ऑक्टोबर हिटमध्ये घालायचं तरी काय?

पाऊस परत गेला की पुण्यात लगेच थंडी येत नाही, मधे ऑक्टोबर हिट असते आणि कपड्यांच्या बाबतीत मला वर्षातला सगळ्यात अवघड महिना हाच वाटतो. एप्रिलमध्ये निदान माहिती तरी असतं की दिवसभर उकडणारच आहे. आत्ता सकाळी सातला टू-व्हीलरवर निघालं की हात गार पडतात, दुपारी पारा ३२-३३ वर आणि रात्री नदीवरच्या पुलावर परत अंगावर शिरशिरी! ढग गेलेले असतात ना, त्यामुळे दुपारी ऊन थेट लागतं आणि रात्री जमिनीची उष्णता अडवायला वर काहीच नसतं. नोव्हेंबरात तर दुपारी ३० आणि पहाटे १५ च्या आसपास असं होतं.

म्हणून एक जाड कपडा नको, दोन पातळ घाला. आत मलमलचा कुर्ता आणि वरून खादीचं जाकीट किंवा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दुपारी काढून डिकीत टाकता येतो. स्टोलही सुतीच, जॉर्जेटचा सटकतो आणि घाम टिपत नाही तो वेगळाच. मुंबईकरांना मात्र हे सांगून उपयोग नाही, तिथे हवेतला दमटपणा जात नाही आणि संध्याकाळही तशी गार होत नाही, त्यांनी सैल आणि पातळ एवढंच बघावं.

हो, आणि कपाटातून काढलेलं काहीही थेट अंगावर चढवू नका, चार महिन्यांच्या ओलीने कुबट वास बसलेला असतो. सुती कपडे उलटे करून उन्हात घाला म्हणजे रंग उडत नाही, रेशमी साड्या मात्र सावलीत, वाऱ्यावर. परत ठेवताना घडी बदला, वर्षानुवर्षं त्याच घडीवर जरीची तार तुटते आणि मग आईची साडी आपल्या डोळ्यांदेखत विरते, खूप वाईट वाटतं ते.

आता दिवाळी. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, आणि अधिक मास आला की दिवाळी पुढे सरकते. त्यामुळे खरेदीआधी कॅलेंडर बघाच, कारण लवकर आलेल्या दिवाळीत भरजरी कपड्यात दुपारच्या जेवणापर्यंत जीव नकोसा होतो. दुकानात आर्ट सिल्क म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा रेयॉन नाहीतर पॉलिस्टर असतं, आणि पॉलिस्टर असेल तर घाम आतच राहतो. सरळ विचारा की ताणा (उभे धागे) कशाचा, बाणा (आडवे धागे) कशाचा. महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, म्हणून चमकही मिळते आणि हलकीही वाटते. मश्रूचं कापड तर याच हवेसाठी केल्यासारखं आहे, बाहेरून रेशीम आणि अंगाला लागतं ते सूत! ब्लाऊजला, कुर्त्याला सुंदर दिसतं, जरूर घ्या.

लहान मुलांसाठी तर मी हट्टच धरीन. नेटचा, सॅटिनचा फ्रॉक फोटोत छान दिसतो पण काखेत, मानेला टोचतो, घामोळं येतं आणि लेकरू दिवसभर किरकिर करतं, त्याचा काय दोष? घ्यायचाच असेल तर आत हात घालून बघा, अस्तर गळ्यापासून खालपर्यंत सुती आहे का. नसेल तर शिवणाऱ्या ताईंकडून लावून घ्या, पण दिवाळीच्या आठवड्यात कोणी हातात घेत नाही, आधीच द्या.