खावाना शेतस का देखाना?

वर्ष होत आलं आमच्या घरी फिशटँक येऊन. मुलाने सहावीच्या सहामाहीला गणितात बरे मार्क आणले आणि ह्यांनी आधीच कबूल करून ठेवलेलं, त्यामुळे दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी टीव्हीशेजारी दोन फूट लांबीचा काचेचा डबा येऊन बसला. सासूबाई अमळनेरकडच्या. त्यांनी पदर सावरत, अगदी काचेला नाक लावून आत बघितलं आणि विचारलं, "व माय, ह्या मासा खावाना शेतस का देखाना?" म्हणजे खायचे आहेत का बघायचे. सगळे हसलो. म्हंटलं देखाना, आई. आता वाटतं की एवढा मुद्द्याचा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी दुसऱ्या कोणीच विचारला नव्हता.

दुकानात आम्ही फक्त रंग बघितले हो. भाजी घेताना वांगं भरताचं आहे का रश्श्याचं हे दहादा उलटून बघणारी मी, तिथे मात्र लहान पोरासारखं "तो पण द्या, तो पण द्या" करत सुटले. दोन एंजल, सहा निऑन, चार टायगर बार्ब, दोन गोल्डफिश, दोन छोटे शार्क आणि काच साफ ठेवायला एक सकर. मी विचारलं होतं बरं का, की हे सगळे एकत्र राहतील ना. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त टाका ताई, एंजल आणि निऑन तर एकाच नदीतले." त्याचं खोटं नव्हतं, दोघंही ॲमेझॉनकडचेच. फक्त त्या नदीत कोण कोणाला खातं हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सकाळी देवपूजा झाली की सासूबाई टँकसमोर बसायच्या आणि मासे मोजायच्या, सवयच लागली त्यांना. "आज निऑन पाच शेतस." मला वाटलं निऑन झाडामागे लपला असेल, एवढासा तर असतो, वाढून वाढून तीन-चार सेंटीमीटर. दोन दिवसांनी चार. मेलेला मासा वर तरंगतोय असंही नाही, खाली पडलाय असंही नाही, फिल्टर उघडून बघितला तर तिथेही नाही. मग एकदा पहाटे पाचला पाणी भरायला उठले, आमच्याकडे नळ दोन-तीन दिवसांआड येतो त्यामुळे पहाटेचा अलार्म ठरलेला, आणि जाता जाता टँकचा लाईट लावला तर मोठा एंजल मधोमध अगदी शांत उभा आणि त्याच्या तोंडातून निळी-लाल शेपटी बाहेर आलेली, जराशी हलत होती अजून. मी लाईट बंद केला. का केला माहीत नाही, पण केला.

एंजल घेतले तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते, तेव्हा निऑन त्यांच्या तोंडात मावणारच नव्हता. तो एंजल नीट वाढला की विताएवढा होतो आणि मग समोरून जे मावेल ते जातं. यात राग, भांडण काही नसतं, फक्त तोंडाचं माप असतं. मासे एकत्र ठेवायचे तर पहिला हिशोब हाच, की हा पूर्ण वाढल्यावर केवढा होणार. दुकानात सगळीच पिल्लं असतात, सगळीच गोंडस.

आणि एंजलला तरी कुठे सुख होतं. टायगर बार्बना लांब झालरीसारखे पर दिसले की तोडायची खोडच आहे. एंजलचे ते खाली लोंबणारे दोन धागे पंधरा दिवसांत गायब. नंतर कळलं की टायगर बार्ब निदान सहा-आठ तरी ठेवायचे, म्हणजे ते आपापसात पळापळी करत बसतात आणि दुसऱ्यांना कमी छळतात. आम्ही घेतलेले चार. चार म्हणजे बरोब्बर टवाळ टोळीला लागतात तेवढे.

शार्कची गंमत तर वेगळीच. दोन बोटांएवढे, चंदेरी, पाठीवर काळपट पट्टा, दिसायला खरंच ऐटबाज. पण भित्रे इतके की कोणी दार आपटलं की धाडकन काचेवर डोकं. चार महिन्यांत दुप्पट झाले, टँकमध्ये वळताना अडचण व्हायला लागली म्हणून शेवटी दुकानात परत देऊन आले, फुकटच. आणि त्याच आठवड्यात मासळी बाजारात गेले तर पाटीत हा मोठा मासा, तेच चपटं डोकं, त्याच मिश्या. मी विचारलं हा कोणता. "पंगास आहे ताई, काटे नाहीत, मुलांना चांगला." अहो, तोच आमचा शार्क! शार्कशी त्याचं लांबचंही नातं नाही, मीटरभर वाढणारा, तळ्यांत पाळतात तो पंगास, आणि दुकानवाले त्याची पिल्लं शार्क म्हणून विकतात. घरी आणून काळ्या मसाल्याचा रस्सा केला तर मुलगा ताटावरून उठून गेला. सासूबाईंनी मात्र शांतपणे भाकरी चुरली आणि म्हणाल्या, "देखाना बी, खावाना बी."

मग आला आपला उन्हाळा. जळगावचा मे महिना म्हणजे काय हे इथे राहिलेल्यालाच विचारा, पारा 44-45 ला गेला की दुपारी टाकीचा नळ सोडला तर हात भाजतो. टँकमधलं पाणी 33 वर गेलं. आणि गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा जीव, विशी-बाविशीत खूश असणारा. त्यात तो खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो, त्याच्या घाणीतून अमोनिया होतो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणजे तीन बाजूंनी मार. दोघंही दिवसभर वर तोंड करून बुडबुडे चघळत बसलेले. मी गोठवलेली पाण्याची बाटली टँकमध्ये तरंगत ठेवायची, वितळली की दुसरी, आणि टेबलफॅनचं तोंड पाण्याकडे केलेलं, त्याने खरंच दोनेक डिग्री उतरते. पण दुपारी लाईट गेली की फॅनही बंद, हवेचा पंपही बंद, मग मी तांब्याने पाणी घेऊन उंचावरून धार सोडत बसायची, अभिषेक केल्यासारखी. शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, कुठलं व्रत गं? एक गोल्डफिश गेला तो गेलाच. दुसरा भावाने नाशिकला नेला, तिकडे जरा तरी बरी हवा.

त्याच दिवसांत मासळी बाजारात घमेल्यात बोटभर पाण्यात जिवंत मरळ बघितले, उन्हातान्हात, मजेत. मरळ वर येऊन सरळ हवा घेतो, पाण्यातल्या ऑक्सिजनवर अडून बसत नाही. टँकच्या माशांमध्ये गुरामीला अशीच सोय असते. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला की मी उलटं चाललेय. आधी मासा आवडायचा आणि मग त्याच्यासाठी आमचं पाणी, आमची हवा बदलत बसायची. आधी बघायला पाहिजे होतं की आमच्या पाण्यात कोण राहील.

आमचं वापरायचं पाणी म्हणजे बोरचं. नळाच्या तोंडावर पांढरा थर, गिझरची कॉइल वर्षाला जाते, डाळ शिजता शिजत नाही. फिल्टरवाला पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर घालून 900 दाखवून गेला. आणि निऑन हा मऊ, जरा आंबटसर पाण्यातला, त्याला हे म्हणजे समुद्रच. (खरं सांगते, दोन निऑन उरले होते तेव्हा मी त्यांच्यासाठी आरओचं पाणी मिसळून बघितलं. सासूबाईंनी पकडलं. "मासासले फिल्टरनं पानी, नि आम्हले माठनं!" माठाचं त्या स्वतःच्याच हट्टाने पितात, पण बोलणार कोण.) उलट गप्पी, मोली, प्लॅटी यांना असलंच कठीण, खारट पाणी मानवतं. मोली तर मचूळ पाण्यातसुद्धा राहतात.

गप्पी मला आधी नकोच होते. गप्पी म्हणजे पावसाळ्यात डेंग्यू आला की आरोग्य खात्याची माणसं गल्लीत येऊन हौदात सोडतात ते, डासांच्या अळ्या खायला. फुकटची वस्तू शोकेसमध्ये कोण ठेवतं? पण जुलैमध्ये आमच्या हौदात सोडलेले बघितले, वरून 35 चं ऊन झालं, पाऊस झाला, हौद अर्धा रिकामा झाला, आणि हे मजेत, वर पिल्लंही. मुलाने गाळणीने सात-आठ काढून टँकमध्ये टाकले. एंजल तेव्हा एका ओळखीच्यांच्या चार फुटी टँकमध्ये गेलेले, बार्बही त्यांनाच दिले. गटारीच्या पाण्यात जगणारे म्हणून मी नाक मुरडलेले ते गप्पी जवळून बघितले तर नराच्या शेपटीवर एक काळा ठिपका आणि भोवती नारिंगी कड, फुंकणी मारल्यावर निखारा दिसतो तशी. मग दुकानातून रंगीत गप्पी, दोन काळ्या मोली आणि लाल प्लॅटी आणल्या. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवायच्या एवढं पथ्य, नाहीतर नर मादीचा पिच्छा पुरवून तिला अर्धमेली करतो. महिन्याला पिल्लं. आई स्वतःच खाते म्हणून आत गवत जरा दाट ठेवलंय, त्यात शिरतील ती वाचतात.

सकर अजून आहे. तो तसा दीड फुटापर्यंत जाऊ शकतो हे कळल्यापासून मी त्याच्याकडे भाडेकरूकडे बघावं तशी बघते. कोणीतरी सुचवलं की मेहरूण तलावात सोडून द्या. अजिबात नाही. बाहेरचा मासा, आपल्या पाण्यात पसरला की आवरत नाही, असे प्रकार देशात झालेत. राहू दे, त्याच्यासाठी मोठा टँक घेऊ असं मी म्हणाले आणि हे पेपरात तोंड घालून बसले.

आता सासूबाईंचा हिशोब वाढता असतो. सकाळी मोजायला बसतात आणि तिशीच्या पुढे चुकतात, मग पुन्हा पहिल्यापासून. चाळीसगावची नणंद येऊन गेली ती पाण्याच्या बाटलीत दहा घेऊन गेली, टोपणाला भोकं पाडून, रेल्वेने.

परवा खाद्य आणायला त्याच दुकानात गेले. दादा म्हणाला, "ताई, नवीन फायटर आलेत बघा, काय शेपटी आहे, तुमच्या गप्पींबरोबर एकदम मस्त राहील." होता खरंच देखणा, जांभळा, पंखा उघडल्यासारखा. मी बघत होते. मग त्याच्या मागची फळी बघितली, तिथे पंधरा-वीस फायटर होते, प्रत्येकजण वेगळ्या बरणीत, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा केलेला, म्हणजे एकमेकांना दिसूसुद्धा नयेत. गप्पीच्या नराची रंगीत झुपकेदार शेपटी बघून त्याला दुसरा फायटरच वाटतो हे मला आता ठाऊक होतं.

"दादा, हे पुठ्ठे कशाला लावलेत?"

तो हसला. "किती ग्रॅमचं देऊ खाद्य?"