वास्तव कोणत्या वर्षाचे?

आमच्या कॉलेज बास्केटबॉलच्या ऑनलाइन सिम्युलेशन लीगमध्ये पुढच्या हंगामाच्या नियमांवर मतदान सुरू आहे. खेळ अमेरिकेतल्या खऱ्या कॉलेज बास्केटबॉलसारखा हुबेहूब असावा, की प्रत्येक व्यवस्थापकाला जिंकण्याची वाजवी संधी देणारा असावा, हा जुनाच वाद या वेळी ट्रान्सफर पोर्टलवर (कॉलेज बदलू इच्छिणारे खेळाडू जिथे नाव नोंदवतात, त्या व्यवस्थेवर) येऊन ठेपला आहे.

सामन्याच्या गणिताबद्दल माझी तक्रार नाही. १९८५ पासून २०२५ पर्यंत एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) स्पर्धेत पहिल्या मानांकनाच्या, म्हणजे सर्वांत बलाढ्य, आणि सोळाव्या मानांकनाच्या, म्हणजे सर्वांत दुबळ्या, संघांत १६० सामने झाले आणि त्यांत सोळावे मानांकन दोनदाच जिंकले: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवले. गेमनेही एवढीच फट ठेवावी.

खरी अडचण सामन्याबाहेर आहे. २०२२ मध्ये जर्सी सिटीचे सेंट पीटर्स हे छोटेसे कॉलेज याच स्पर्धेत केंटकी, मरे स्टेट आणि पर्ड्यू यांना हरवून शेवटच्या आठांत पोहोचले. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि बरेच खेळाडूही पोर्टलमार्गे पांगले. आमच्या लीगमध्ये मात्र अनेक हंगाम खपून लहान कॉलेज उभे करणाऱ्याचा संघ ऐन यशानंतर असा रिकामा झाला, तर तो लीगच सोडून जातो. मग त्याचा संघ संगणकाकडे जातो, असे संघ मोठ्यांना आयते सावज ठरतात, आणि कालांतराने ड्यूक किंवा कॅन्ससारखे बलाढ्य संघ चालवणाऱ्यांनाही जिंकण्यात रस उरत नाही.

‘प्रत्यक्षात असेच घडते’ असे म्हणणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते, की प्रत्यक्षात म्हणजे कोणत्या वर्षी? २०२१ पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला सहसा एक हंगाम खेळता येत नसे आणि एका संघाला १३ पेक्षा जास्त शिष्यवृत्त्या देता येत नसत. तेही वास्तवच होते, आणि मोठ्या कॉलेजांची हाव त्यात काही प्रमाणात तरी आवरली जाई. (खऱ्या आयुष्यात मी खेळाडूंच्या बाजूने आहे, त्यांना मिळालेले स्वातंत्र्य आणि पैसा योग्यच आहे. पण गेममधला एकोणीस वर्षांचा गार्ड हा आकड्यांचा संच असल्यामुळे, त्याला वर्षभर बसवल्याने कोणावरही अन्याय होत नाही.)

म्हणून मी पोर्टल ठेवण्याच्या, पण कॉलेज बदलणाऱ्याला एक हंगाम बाहेर बसवण्याच्या बाजूने मत दिले आहे. व्यवस्थापक स्वतःच संघ सोडून गेला, तर मात्र त्याच्या खेळाडूंना लगेच दुसरीकडे खेळता यावे. आता प्रतिपक्षाने पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूंचा मुद्दा काढला आहे. त्यांना जुन्या नियमांतही नव्या कॉलेजकडून लगेच खेळता येत असे, त्यामुळे माझ्याच युक्तिवादानुसार ती सवलत मला मान्य करावी लागणार.