स्क्रीनवर ७१, रॅकमध्ये ११
शनिवारी संध्याकाळी आमच्या रुग्णालयाच्या औषध भांडारात आयसीयूतून नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या २० अँप्यूलची, म्हणजे काचेच्या छोट्या कुप्यांची, मागणी आली. कोसळलेला रक्तदाब सावरणारं हे औषध. संगणकावर शिल्लक ७१. रॅकमध्ये मोजल्या तर ११.

तफावत चोरीची नव्हती. मागच्या खरेदीच्या बिलावर संख्या होती १५, म्हणजे १५ अँप्यूल, पाचाचे तीन बॉक्स. आमच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या औषधांच्या मूळ यादीत, मात्र खरेदीचं एकक बॉक्स. १५ टाकताच सॉफ्टवेअरनं पाचानं गुणून ७५ जमा केल्या. एन्ट्री करणाऱ्या पोराला मी दोष देणार नाही. त्या चौकटीशेजारी एकक दिसतच नाही, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं पाप. रीऑर्डर लेव्हल, म्हणजे साठा जिथे उतरला की नवी मागणी करायची तो आकडा, ३०; स्क्रीनवर ७१, त्यामुळे इशाराही आला नाही.

आमची अँप्यूल २ मिलीची, त्यात २ मिलिग्रॅम बेस, म्हणजे क्षाराचं वजन वगळून मूळ औषध. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे मिनिटाला ०.२ मायक्रोग्रॅम चालू असेल तर दिवसाला साधारण १७ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ९ अँप्यूल. डोस ०.५ वर गेला की २२. त्या संध्याकाळी सेप्टिक शॉकचे, म्हणजे जंतुसंसर्गानं रक्तदाब कोसळलेले, दोन रुग्ण होते, एक ०.२ वर, दुसरा ०.५ वर. चोवीस तासांना ३१, आणि मध्ये अख्खा रविवार.

सदाशिव पेठेतल्या एका स्टॉकिस्टनं, म्हणजे घाऊक औषध विक्रेत्यानं, शटर ओढता ओढता २० दिल्या. आणखी ३० दुसऱ्या रुग्णालयाकडून उसन्या आणल्या, चलनावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहून. ते लिहिलं नाही तर परतफेडीला वाद होतात, आणि बॅच परत मागवली गेली तर माल कोणत्या वॉर्डात गेला ते सापडत नाही. सोमवारपर्यंत निभावलं.

डोक्यातून जात नाही ते मोजणीचं वेळापत्रक. ते ठरतं एबीसी वर्गवारीवर, म्हणजे वर्षाला किती रुपयांचा खप यावर. महागडी अँटिबायोटिक्स, केमोची औषधं ए गटात, त्यांची मोजणी दर आठवड्याला. नॉरअ‍ॅड्रेनलिन स्वस्त, म्हणून सी गटात, सहा महिन्यांतून एकदा. औषध रुग्णासाठी किती गरजेचं यावर ठरणाऱ्या व्हीईडी (व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल) यादीत तेच ‘व्हायटल’, म्हणजे जीवनावश्यक, आहे, पण ती यादी ऑडिटच्या फायलीतून बाहेर येत नाही.

आता व्हायटल औषधं रात्रपाळीत रोज मोजली जातात, आयसीयूच्या ट्रॉलीतली धरून. नॉरअ‍ॅड्रेनलिनचं एकक अँप्यूल केलं. महिन्याच्या सरासरीवर रीऑर्डर लेव्हल ठेवणं इथे चुकतंच, कारण हे औषध आठवडेच्या आठवडे हलत नाही आणि मग दोन दिवसांत संपतं. मी ९० मागितली आहे: दोन जड रुग्ण, दोन दिवस. अकाउंट्सचं म्हणणं, एक्स्पायरीत जाईल. तीन महिने आधी कळवलं तर स्टॉकिस्ट बदलून देतो, हे मी त्यांना लेखी दिलंय.