चौकोनी चाकांचा गार्डाचा डबा

अमेरिकेत नाताळ जवळ आला की टीव्हीवर काही जुने कार्यक्रम दरवर्षी नेमाने लागतात. 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' हा त्यांतला माझ्या घरातला सगळ्यांत लाडका. ६ डिसेंबर १९६४ रोजी तो एनबीसी या वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. निर्मिती रँकिन-बास या अमेरिकी कंपनीची, पण बाहुल्या एकेक चित्रचौकट हलवून चित्रीकरण झालं ते जपानात, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. त्यातल्या बर्फाला, लोकरीला, लाकडाला जो हाताचा स्पर्श जाणवतो तो त्यामुळेच.

लाल नाकाच्या रुडॉल्फ नावाच्या रेनडिअरच्या या गोष्टीत नकोशा खेळण्यांचं एक बेट आहे. ठिपक्यांचा हत्ती, पाण्याऐवजी जेली उडवणारं पिस्तूल, घोड्याऐवजी शहामृगावर बसलेला काउबॉय, पोहता येतं पण उडता येत नाही असा पक्षी. आणि एक आगगाडी, जिच्या गार्डाच्या डब्याला चौकोनी चाकं आहेत. कुठल्याच मुलाला ती नको असते. माझ्या लेकीला मात्र पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून तीच हवी होती.

आम्ही पेनसिल्व्हेनियात, लीहाय व्हॅलीत राहतो. बेथलेहेम गाव इथून जवळच. १७४१ साली मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते वसवलं आणि ख्रिस्तजन्माचा देखावा घरात मांडायची आपली पद्धत सोबत आणली. त्या देखाव्याला इथे 'पुट्झ' म्हणतात. शेवाळ, लाकडी मेंढ्या, छोटी घरं, आणि पुढे कधीतरी नाताळच्या झाडाखाली फिरणारी आगगाडी. गणपतीची आरास करणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रात्र रात्र जागून पुठ्ठा कापणारी मंडळी इथेही आहेत.

आमच्या शेजारचे आजोबा (लेक त्यांना आजोबाच म्हणते) त्यांतलेच एक. पूर्वी पोलादाच्या कारखान्यात होते. गुडघे बसल्यामुळे त्यांना जमिनीवर रूळ जोडणं जमेनासं झालं, तेव्हा त्यांनी आपला रुडॉल्फचा, खेळण्यातल्या आगगाडीचा सेट आम्हाला देऊन टाकला. वाफेचं इंजिन, त्यामागचा कोळशाचा डबा, कार्यक्रमातल्या पात्रांची चित्रं असलेले मालडबे, आणि शेवटी लाल गार्डाचा डबा. डब्यावर सांता, हर्मी, युकॉन कॉर्नेलियस, हिमराक्षस, सगळे होते. लेकीने सगळे डबे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "आई, चौकोनी चाकांची गाडी कुठंय?"

तिचं म्हणणं मला पटलं. टीव्हीवरच्या कार्यक्रमांवर निघालेल्या सेटांमध्ये बहुतेक वेळा नेहमीचाच डबा घेऊन त्यावर चित्र छापलेलं असतं. 'चार्ली ब्राउन ख्रिसमस'च्या बाबतीत ते चालतं, कारण त्या गोष्टीत आगगाडीला कामच नाही. 'फ्रॉस्टी द स्नोमॅन' (१९६९) मध्ये खरीच मालगाडी आहे. बर्फाचा माणूस वितळू नये म्हणून शीतडब्यात बसून उत्तरेला निघतो, तेव्हा त्या सेटमध्ये शीतडबा असायलाच हवा असं मला वाटतं. आणि रुडॉल्फच्या गोष्टीत तर आगगाडी हे स्वतःच एक पात्र आहे. सगळे गाडीत आणि तीच एक बाहेर, हे काही बरोबर नव्हतं.

आजोबांनी त्यात आणखी एक भर घातली. १९६४ च्या मूळ प्रक्षेपणात सांता त्या खेळण्यांना न्यायला परत जातच नाही. रुडॉल्फ त्यांना शब्द देतो आणि गोष्ट संपते. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, म्हणून १९६५ मध्ये सांता बेटावर थांबून खेळणी घेतो असा नवा प्रसंग जोडला गेला. आजोबांनी लहानपणी पहिलं प्रक्षेपण पाहिलेलं. "ती गाडी तिथेच राहिली म्हणून मी रात्री जेवलो नव्हतो," म्हणाले. त्यानंतर तो डबा बनवायचा की नाही हा प्रश्नच उरला नाही. कसा, एवढंच ठरवायचं होतं.

आधी साधी गाडी नीट धावती केली. हा ओ गेजचा सेट, म्हणजे बाहेरच्या दोन रुळांमधलं अंतर सव्वा इंच, आणि मध्ये तिसरा रूळ. वीज मधल्या रुळातून येते आणि बाहेरच्या रुळांतून परत जाते. नाताळच्या झाडाखाली ही रचना धोक्याची ठरू शकते, कारण झाडावरची चमकी एक जरी मधल्या आणि बाहेरच्या रुळावर आडवी पडली तरी शॉर्ट होतं. म्हणून आमच्या झाडावर धातूची चमकी लावायची नाही असा नियम झाला. बर्फ म्हणून कापूस किंवा फायबर पसरायचा मोहही टाळला. त्याचे धागे चाकांच्या आसाला गुंडाळतात आणि थेट इंजिनाच्या दात्यांत जातात. पांढरं फेल्ट कापून अंथरलं, ते कितीतरी चांगलं.

रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सुती फडक्याने पुसले. तारेच्या घासणीने कधीही घासू नयेत, तिचे लोखंडी कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. लंबगोलाच्या पलीकडच्या बाजूला इंजिन मंदावत होतं, कारण इतक्या सांध्यांतून जाता जाता वीज कमी पडते. त्या बाजूला वायरची आणखी एक जोडी लावली आणि वेग सगळीकडे सारखा झाला.

आता डबा. आजोबांच्या खोक्यात कडा तुटलेला एक जुना गार्डाचा डबा होता, तो घेतला.

खरी चौकोनी चाकं रुळावर चालणार नाहीत हे उघड आहे. चाकाच्या आतल्या कडेला जो कठडा असतो, तोच डब्याला रुळावर धरून ठेवतो, आणि तो गोलच हवा. तेव्हा चाक गोल ठेवायचं आणि त्याच्या बाहेरच्या तोंडावर चौकोन बसवायचा. माझ्या चाकाचा व्यास साधारण १८ मिलिमीटर होता. त्या वर्तुळात मावणाऱ्या चौकोनाची बाजू १२.७ येते, मी १२ धरली. म्हणजे फिरताना चौकोनाचा कोपरा रुळाच्या पातळीखाली कधीच जात नाही. चौकोन पिवळे रंगवले आणि मागचं गोल चाक मॅट काळं. दोन हातांवरूनसुद्धा फक्त पिवळा चौकोन फिरताना दिसतो.

अडचण वेगळीच होती. मालडब्याच्या चाकांना बाहेरून चौकट असते, आणि आसाची टोकं त्या चौकटीत टेकलेली असतात. चौकोन लावला तरी तो चौकटीमागे झाकला जाणार. म्हणून चौकटच बदलायची ठरवली. आस चाकांच्या आतल्या बाजूला धरायचा, चाकं बाहेर मोकळी. आमच्या सार्वजनिक वाचनालयात थ्रीडी प्रिंटर आहे. तिथल्या ताई फार मदतीच्या. त्यांनी मला आराखडा काढायला शिकवलं आणि आसाची भोकं छापताना नेहमी थोडी आवळ येतात, ती नंतर ड्रिलने मोकळी करावी लागतात, हेही आधीच सांगून ठेवलं. नव्या रचनेत आसाची टोकदार टोकं चाकातून बाहेर डोकावत होती. चौकोनाला मध्ये भोक पाडून ती त्यात घातली, वर सुपरग्लूचा थेंब. चौकोन अगदी मध्यावर बसायला दुसरं काही लागलं नाही.

डबा रुळावर ठेवला. चौकोन फिरत होते, डबा मात्र लोण्यासारखा सरकत होता. लेक म्हणाली, "पण हा लंगडत नाहीये."

यातच मला सगळ्यांत जास्त मजा आली. डबा लंगडावा पण चाकं रुळावरून उतरू नयेत, असं करायचं तर लंगडणं चाकात न ठेवता डब्याच्या बुडाशी ठेवायला हवं. मागच्या आसाच्या मध्यावर ८ मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा बसवला आणि डब्याचं बूड त्यावर नुसतं टेकवलं, पुढच्या बाजूला बिजागरी. आस फिरला की ठोकळ्याचे कोपरे बुडाला वर उचलतात. यात एक सुंदर गोष्ट आहे. चौकोनी चाक सपाट जमिनीवरून लोळताना त्याचा मध्य ज्या लयीत वरखाली होतो, त्याच लयीत फिरत्या चौकोनावर टेकलेली फळी वरखाली होते. कागदावर दोन्हींची आकृती काढून पाहिली, तंतोतंत तीच. ८ पेक्षा फार मोठा ठोकळा घेता येत नाही, कारण खाली मधला रूळ आहे आणि कोपरा त्याला लागता कामा नये.

गणित बरोबर होतं, डोळ्यांना मात्र ते दिसेना. १८ मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात साडेपाच सेंटिमीटरच पुढे जातं आणि तेवढ्यात चार हिसके बसतात. सेकंदाला दहा सेंटिमीटर अशा निवांत चालीतसुद्धा सात हिसके. डबा लंगडण्याऐवजी थरथरत होता, थंडी वाजल्यासारखा. शिवाय ठोकळ्याचे कोपरे बुडाला घासून आसाला ब्रेक लावत होते आणि चाकं मधूनच न फिरता घसरत होती.

आजोबा बराच वेळ डब्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "फेऱ्याला एकच हिसका दे." ठोकळा काढला. त्याच्या जागी ८ मिलिमीटरचीच गोल चकती घातली, पण तिचं भोक मध्यापासून १ मिलिमीटर बाजूला. आता एका फेऱ्यात बूड एकदाच वर येतं आणि एकदाच खाली जातं, एकूण २ मिलिमीटर. सेकंदाला दोनेक हिसके. ही चाल डोळ्यांना लगेच कळते. पिवळे चौकोन फिरताना दिसत असतात, डबा त्यांच्यासोबत डुलत असतो, आणि पाहणाऱ्याला अजिबात शंका येत नाही की हिसके चौकोनांमुळेच बसताहेत. गोल चकतीला कोपरे नाहीत, त्यामुळे घासणंही थांबलं. बुडाला जिथे चकती टेकते तिथे मेणबत्तीचं मेण चोळलं.

राहिलं वजन. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी की ओ स्केलच्या, म्हणजे या मापाच्या डब्याला ५ औंस, आणि वर लांबीच्या प्रत्येक इंचाला १ औंस वजन असावं. माझा डबा ८ इंचांचा, म्हणजे १३ औंस, साधारण ३७० ग्रॅम. खेळण्यातले डबे याहून हलके असले तरी चालतात, कारण त्यांच्या चाकांचे कठडे खोल असतात. पण इथे एक खुबी लक्षात आली: वजन डब्यात घातलं तर ते सगळं चकतीवर येतं आणि आस अडतो. ते खाली, चाकांच्या चौकटीलाच लावायला हवं. लोखंडी वायसर एकावर एक चिकटवले. वरचं शरीर हलकं, खालची चौकट जड. यानंतर डबा वळणावरही घसरला नाही.

रंगकाम मी मुद्दाम हाताने केलं. त्या बाहुल्या हाताने रंगवलेल्या होत्या, आणि स्प्रेचा गुळगुळीत रंग त्यांच्याशेजारी शोभला नसता. लेकीने खिडकीत ठिपक्यांचा हत्ती बसवला. तो मातीचा आहे आणि डब्याच्या मानाने फारच मोठा झालाय, पण तो तिथेच राहणार.

हे पाहायला आमच्याकडे बरीच मंडळी येऊन गेली. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयाची आठवण काढली. शाळेच्या सहलीत मीही तिथे गेले होते. फरक एवढाच की तिथे गाड्यांना हात लावायची मुभा नव्हती, आणि इथे आमच्या घरी लेक प्रत्येकाच्या हातात कंट्रोलर देते. एकच अट घालते: चौकोनी चाकांचा डबा जोडलेला असताना वेग वाढवायचा नाही.

कुणाला असा डबा करायचा असेल तर दोन गोष्टी सांगते. भोक १ मिलिमीटरपेक्षा जास्त बाजूला घेऊ नका, त्याच्या पुढे डबा कपलिंगमधून सुटतो. आणि जानेवारीत सेट खोक्यात भरताना डब्याचं शरीर चकतीवरून उचलून वेगळं ठेवा, नाहीतर वर्षभरात बुडाला तिथे खाच पडते. आजोबांसाठी दुसरा डबा सध्या छापायला दिलाय. त्यांना चौकोन लाल हवे आहेत.